चार्ज न दिलेली नोंद

मी एक नोंद बोलतेय. कोलकात्यातल्या एका छोट्या मराठी मंडळाचं इंटरनेटवर जे नाव आहे, त्या डोमेनच्या सेटिंगमधली मी एक ओळ. मला तुम्ही पाहिलं नसेल. मंडळातही फारसं कुणी पाहिलेलं नाही.

मला प्रकाशरावांनी लिहिलं. ते बँकेतले अधिकारी आणि तेव्हाचे सचिव. कुणी भामटा मंडळाच्या नावाने सभासदांना लॉटरीच्या मेल पाठवायचा. प्रकाशराव वैतागले आणि त्यांनी माझ्यात लिहून ठेवलं, की मंडळाची मेल फक्त या एका सर्व्हरवरून निघते, बाकीच्या खोट्या समजा.

तेव्हापासून मंडळाच्या नावाने मेल आली, की ती घेणारा सर्व्हर आधी मला विचारतो, "ही तुमचीच का?" मी पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता पाहून हो किंवा नाही सांगते. नाही म्हटलं, की मेल बहुतेक स्पॅममध्ये जाते. किती भामट्यांना मी असं तोंडघशी पाडलं! शाबासकी कुणी दिली नाही, पण मला काम आवडायचं.

पुढे प्रकाशरावांची नागपूरला बदली झाली. बदलीची माणसं चार्ज देण्यात मोठी काटेकोर. किल्ल्या, पेटी, गणपतीचं मखर, सगळं नव्या सचिव कालिंदीताईंच्या ताब्यात गेलं. मी कपाटात नव्हते, म्हणून राहिले.

कालिंदीताईंनी मंडळाची मेल दुसऱ्या कंपनीकडे नेली. सर्व्हर बदलला. मला कुणी सांगितलंच नाही.

त्याच सुमारास अकोल्याहून केतकीने मंडळाला लिहिलं. तिला कोलकात्यात खिदिरपूरला एका जहाज कंपनीत पहिली नोकरी मिळाली होती, पण ओळखीचं घर असेल तरच वडील पाठवणार होते. कालिंदीताईंनी लगेच कळवलं, "अगं, बिनधास्त ये. आमच्याकडेच राहा." केतकीच्या सर्व्हरने मला विचारलं. नव्या सर्व्हरचा पत्ता मला अनोळखी होता. मी ठामपणे नाही म्हटलं.

काही दिवसांनी केतकीची मेल आली, "उत्तर आलं नाही, म्हणून नोकरी नाकारली." कालिंदीताईंनी घाबरून नागपूरला फोन लावला.

"प्रकाशराव, मी तर त्याच दिवशी लिहिलं होतं हो!"

"सर्व्हर बदललात ना? मग ती नोंद बदललीत का?"

"कसली नोंद?"

"अरे देवा. ती सांगायचीच राहिली."

आता माझ्यात नवा पत्ता आहे. कालिंदीताईंनी केतकीला पुन्हा लिहिलं, आणि या वेळी मी हो म्हटलं. उत्तर आलं, "काकू, मेल मिळाली. पण त्या जागेवर दुसरी मुलगी रुजूही झाली."

मला फार वाईट वाटलं. आता कालिंदीताईंच्या यजमानांच्या बदलीचंही घाटतंय. ताई, चार्ज देताना माझं नाव विसरू नका. मी खोटं बोलत नाही, पण मला जेवढं सांगितलंय, तेवढंच मला खरं वाटतं.