थंडी सरल्यावरचा पहारा

थंडी सरली, दिवस मोठे व्हायला लागले, लोक खिडक्या उघडून बसू लागले आणि मी तीन पिशव्या घेऊन धाकट्या भावाच्या दारात उभी राहिले. तो शिंपी. खाली दुकान, वर घर, एकटा जीव.

"घराचं रंगकाम काढलंय," मी म्हटलं.

"मागच्याच वर्षी रंग दिला होतास ना?"

"उडाला."

मला खोटं बोलता येत नाही. खरं असं, की मी आरोग्य कार्यालयात मृत्यूंच्या नोंदी जुळवते. आत्महत्या ऐन थंडीत, अंधाऱ्या दिवसांत वाढत असतील असं सगळ्यांना वाटतं. आमच्या बारा वर्षांच्या नोंदींत त्या वाढत होत्या थंडी संपल्यावर. भावाला मन खचल्यामुळे दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात ठेवावं लागलं, तेही याच दिवसांत.

मग मी पहाराच मांडला. तो कापड आणायला निघाला, की मला नेमका दोरा हवा असायचा. न्हाणीघरात गेला, की दोन मिनिटांत मी दार ठोठावायची, "साबण आहे ना?" चौथ्या दिवशी तो डोक्याला फेस तसाच ठेवून बाहेर आला. "ताई, तू मला राखायला आलीयस."

मी सरळच विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का रे?"

तो स्टुलावर बसला. "वाटतो. परवापासून जास्तच. बाहेर सगळे खुशीत आणि मीच असा. कुणी विचारलंच नव्हतं."

"डोकं धू. डॉक्टरांकडे जाऊ."

बसमध्ये त्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. एक चप्पल माझी, एक त्याची. तो हसला, मग मी हसले, मग दोघांनाही थांबता येईना. दवाखान्यात नाव विचारलं तर हसण्यापायी शब्द फुटेना. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. भाऊ डोळे पुसत म्हणाला, "मरावंसं वाटतंय मला. पण हिला सांगून टाकलं, आणि फार हलकं वाटतंय."

बाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. गोळ्या बदलल्या, दर आठवड्याला बोलावलं. मी दीड महिना मुक्काम ठोकला. कार्यालयात साहेबांच्या मागे लागले, की ज्यांना पूर्वी असा त्रास झालाय, त्यांना थंडीनंतरच्या या दिवसांत आपण फोन करून सरळ विचारू.

"उगाच लोकांच्या डोक्यात ते भरवल्यासारखं नाही का होणार?"

"भावाच्या डोक्यात आधीच होतं, साहेब. विचारलं तेव्हा बाहेर आलं."

फोन सुरू झाले. आणि भावाने एका सकाळी माझ्या पिशव्या स्वतः बसमध्ये चढवल्या. "येत जा अधूनमधून," म्हणाला, "फक्त तुझं घोरणं घरी ठेवून ये."