सेन्सर वाढवला

सासूबाईंचं नाक गेल्या वर्षीच्या तापात गेलं. म्हणजे होतं जागच्या जागी, ऐटीतच होतं, पण वास घेणं त्याने सोडून दिलं होतं. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, तरी इंदिराबाई शेजारीच मेथी निवडत बसलेल्या. तेव्हापासून ओट्याखाली गॅसचा सेन्सर आला.

आता सुमेधा आणि अच्युत थंडीभर पुण्याला निघाले होते, लेकीच्या बाळंतपणाला. राऊ गावातल्या घरात आई एकट्या. "मला नाही यायचं. तिकडच्या पोह्यांत ना सेव, ना सौंफ," एवढंच त्यांचं कारण.

निघायच्या सकाळी सुमेधाच्या पायाला भिंगरी. खोल्यांतल्या धुराच्या सेन्सरचे सेल बदलले, जाळीतली धूळ ब्रशने काढली, बटण दाबून प्रत्येकाला एकदा केकाटायला लावलं. गॅसवाला तेवढा राहिला. फोडणीला उगाच बोंबलतो म्हणून अच्युतने त्याचा आवाज मागेच कमी केला होता. तेवढ्यात टॅक्सीचा हॉर्न. बॅग ओढत जिन्यातूनच ती ओरडली, "आई, तो गॅसचा सेन्सर वाढवा हो!"

"वाढवला!" खालून लगेच उत्तर.

राजेंद्रनगर येईपर्यंत तिने पर्स तीनदा उघडली. काय शोधतेय ते तिलाच ठाऊक नव्हतं.

"आता काय राहिलं?" अच्युत म्हणाला.

"काही नाही." आणि तिने फोन लावला. "आई, सेन्सर नीट वाढवलात ना? शेवटपर्यंत?"

"अगं हो. कसा गप झालाय बिचारा. हिरवा डोळाही मिटला."

आत्ता सुमेधाच्या लक्षात आलं. सासऱ्यांचं मल्हारगंजात दुकान होतं. रात्री शटर ओढलं की दुकान 'वाढवलं', झोपताना दिवा 'वाढवला', नारळ फोडला तरी 'वाढवला'. 'बंद केलं' असं अभद्र त्या घरात कोणी बोलतच नसे. आणि तिने नेमकं त्यांनाच सांगितलं होतं, वाढवा!

"आई, तो चालू करा! आत्ता! प्लगचं बटण!"

"मग आधी वाढव कशाला म्हणालीस?"

"आवाज मोठा करा म्हणत होते मी."

"मग तसं बोलावं ना, बाई! मराठी शिकलीस कुठे?"

"भाभीजी, गाड़ी घुमा लूँ?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"रुको भिया, एक मिनिट."

पलीकडे स्टूल सरकलं, गुडघे कुरकुरले, देवाचं नाव निघालं. "हिरवा आला. आता कान पिळते त्याचा." मग त्यांनी तपासणीचं बटण दाबलं असावं, कारण फोनमधून अशी किंचाळी आली की ड्रायव्हरने ब्रेकच मारला. सुमेधाला इतकं गोड काही बऱ्याच दिवसांत ऐकू आलं नव्हतं.

"झालं समाधान? ठेव आता, चहा टाकते."

"ठेवू नका. तिथेच ओट्यावर राहू द्या फोन."

लायटर दोनदा नुसताच कटकटला, तिसऱ्यांदा पेटला. सुमेधाने कान फोनला चिकटवला. भांडं, साखरेचा डबा, आल्याची ठेचाठेच.

"सुमे, स्टेशन आलं," अच्युत म्हणाला.

"थांबा हो. अजून उकळी यायचीय."

तो उतरला, बॅगा काढल्या, डोक्यावर हात मारला. ती दार धरून तशीच बसून राहिली.




"आई, गॅस?"

"केला गं बाई बंद. बंद, बंद! आता मला चहा पिऊ देशील?"