पुसलेली नऊ प्रकरणं

मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हणजे किती, तर झाकण उघडताना माझी बिजागरी कुरकुरते आणि दोन परिच्छेद लिहून होईपर्यंत पंखा धापा टाकू लागतो. खोडायच्या बटणावरचं चिन्ह तर पार झिजून गेलंय. मित्रांनो, काळजी करणं हा माझा स्वभावच आहे. तापलेला लॅपटॉप म्हणजे घाबरलेला लॅपटॉप, एवढं लक्षात ठेवा आणि मग माझी हकीकत ऐका.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. डोक्याला जाळी बांधलेल्या एका बाईनं माझ्या पाठीला अकरा स्क्रू लावले आणि बाराव्याच्या वेळी तिची कामाची पाळी संपली. तो दुसऱ्याच कुणीतरी लावला. तिथून मी एका विमा कचेरीत गेलो आणि चार वर्षं लोकांचे अपघात रकान्यांत भरत बसलो. कुणाचा हात मोडला, कुणाचं छप्पर उडालं. काळजी करायची सवय मला तिथंच लागली असावी. मग नवी यंत्रं आली आणि आम्हा जुन्यांची कोपऱ्यात चळत लागली. त्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला एक गृहस्थ यायचे. त्यांनी साहेबांना विचारलं आणि मला टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखं, घरी नेलं.

"हे घे," ते बायकोला म्हणाले. "वहीत लिहून लिहून बोटं वाकडी झालीत तुझी."

"अहो, मला येईल का हे चालवायला?"

"लिफ्ट चालवता येते ना? मग हेही येईल."

त्यांची बायको दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. ठणकणारी दाढ घेऊन आलेल्या माणसाला "बसा, पाचच मिनिटं" असं सांगणं हे तिचं काम. शाळेत असताना तिच्या बोटांना कायम शाई लागलेली असायची, म्हणून तिची मैत्रीण तिला 'शाई'च म्हणायची. मीही तेच म्हणेन. आणि त्या मैत्रिणीला शाई म्हणायची 'भिंगरी', कारण ती एका जागी कधी बसलीच नाही. भिंगरी लहान मुलांना पोहायला शिकवायची. तिच्या केसांना कायम तलावाच्या औषधाचा वास यायचा.

शाई सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसायची. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे एक पान, असा तिचा वेग. ती प्रेमकथांची मालिका लिहीत होती, 'तिसऱ्या मजल्यावरच्या मुली'. एका शिवणकामाच्या कारखान्यात काम करणाऱ्या तीन मैत्रिणी, त्यांची प्रेमं, आणि त्यांतल्या एकीचं गाणं अचानक गाजतं नि ती रातोरात प्रसिद्ध होते, अशी गोष्ट. प्रसिद्धी कशी असते हे शाईला ठाऊक नव्हतं. तिनं ती अंदाजानं लिहिली होती, फुलं, फोटो आणि दारासमोर थांबलेली गाडी.

रविवारी भिंगरी यायची. पाय खुर्चीवर घेऊन माझ्यासमोर बसायची आणि आठवड्याचं लिखाण मोठ्यानं वाचायची.

"हा तुझा नायक सारखा उसासे काय टाकतो गं? दमा आहे का त्याला?"

शाई हसत हसत उसासे खोडायची. माझं ते बटण अशानंच झिजलं. मित्रांनो, ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते.

पहिलं पुस्तक फोनवर वाचायच्या एका ॲपवर प्रकरणा-प्रकरणानं आलं. पाच-पन्नास लोकांनी वाचलं. दुसऱ्याच्या मधे शाई अडली. तीन आठवडे कर्सर एकाच जागी डोळे मिचकावत राहिला. आणि मग एका सकाळी तिनं एकदाही न खोडता चौदा पानं लिहिली. बोटं अशी चालली होती की मला धडकीच भरली.

ती चौदा पानं भिंगरीची होती. बऱ्याच वर्षांपूर्वी भिंगरीचं लग्न ठरलं होतं आणि आठ दिवस उरले असताना तो माणूस निघून गेला होता. का गेला, हे भिंगरीनं फक्त शाईला सांगितलं होतं. पुस्तकात शाईनं तिला त्या तिघींची शेजारीण केलं, पोहण्याऐवजी नाच शिकवायला लावलं, नाव बदललं, आणि तो निघून जातो तिथंच दुसरं पुस्तक संपवलं. त्या रविवारी भिंगरीनं विचारलं, "आज काय वाचायचं?" शाई म्हणाली, "अजून कच्चं आहे गं." आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझं झाकण मैत्रिणीच्या तोंडावर मिटलं.

शेवटचं प्रकरण सोमवारी आलं. गुरुवारपर्यंत ते दोन लाख लोकांनी वाचलं होतं.

माझ्या पडद्यावर निरोपांचा पाऊस सुरू झाला आणि बहुतेकांचा प्रश्न एकच होता, 'तो का गेला?' एका प्रकाशकानं फोन करून तिन्ही पुस्तकं मागितली, तिसरं अजून लिहायचं होतं तरी. दवाखान्यातले रोगी गाल धरून शाईबरोबर फोटो काढू लागले. तिनं लिहिलेली फुलं खरंच आली, पण ती ठेवायला घरात भांडं नव्हतं, मग बादलीत ठेवली. शाईला जेवण जाईना. माझ्या बटणांवर तिची बोटं बर्फासारखी लागायची. त्याच बोटांनी ती तिसऱ्या पुस्तकाची प्रकरणं लिहीत होती. नऊ प्रकरणं. त्यांत तो का गेला ते होतं.

मग माझ्याच कॅमेऱ्यातून तिची मुलाखत झाली. समोरच्या बाईंनी गोड हसून विचारलं, "ही नाच शिकवणारी मुलगी इतकी खरी वाटते. आहे का हो अशी कुणी?"

शाई गडबडली. समोर हजारो माणसं ऐकत होती. "हो," ती म्हणाली. "माझी शाळेपासूनची मैत्रीण आहे. ती लहान मुलांना पोहायला शिकवते."

वाक्य तोंडातून गेलं आणि तिनं ओठांवर हात ठेवला. मला त्या क्षणी बंद पडता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी आली, तलावावरून थेट, ओल्या केसांनी. बसली नाही.

"आज पायऱ्यांवर सहा आया होत्या," ती म्हणाली. "एकीनं हाक मारली. मला वाटलं, मुलाला सर्दी आहे म्हणून सांगत असेल. तर म्हणते, मॅडम, तो का गेला हो?"

शाईनं तिच्यासाठी खुर्ची ओढली. भिंगरी उभीच राहिली.

"मी तुला ते सांगितलं तेव्हा तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस. मनात लिहून घेत होतीस का गं?"

"नाही गं, शपथ! मी नाव बदललं, काम बदललं..."

"आणि मला? मला कुठं बदललंस?" भिंगरीनं माझ्याकडे बोट केलं. "पुढं काय लिहिलंयस ते दाखव."

शाईनं मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. तिचं काळीज माझ्या झाकणावर धडधडत होतं.

"म्हणजे लिहिलंयस," भिंगरी म्हणाली आणि निघून गेली. फरशीवर तिच्या केसांतून गळलेलं पाणी राहिलं. शाईनं ते पुसलं नाही. आपोआप वाळलं.

दुसऱ्या दिवशी शाईनं ती नऊ प्रकरणं पहिल्यापासून वाचली. तिनं त्याहून चांगलं कधीच लिहिलं नव्हतं. मला ठाऊक आहे, कारण वाईट लिहिलेलंही सगळं माझ्याचकडे आहे. मग तिनं ती पुसली आणि प्रकाशकांकडच्या संपादकबाईंना फोन लावला.

"तो का गेला, ते तिसऱ्या पुस्तकात येणार नाही."

"अहो, लोक त्यासाठीच तर थांबलेत!"

"थांबू देत."

भिंगरीला तिनं एकच शब्द पाठवला, 'पुसलं.' भिंगरीनं वाचल्याच्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

तिसरं पुस्तक उशिरा आलं. लेखिकेनं आम्हाला फसवलं, असं कितीतरी जणांनी लिहिलं. हळूहळू निरोप आटले, फोटो थांबले, आणि दाढ दुखणारी माणसं पुन्हा फक्त दाढेबद्दल बोलू लागली. शाईनं नवा लॅपटॉप घेतला. मी चपलांच्या कपाटावर जाऊन पडलो, धूळ खात.

धुळीचं मला काही नव्हतं. मला खात होती ती वेगळीच गोष्ट. मित्रांनो, आमच्याकडे पुसलेलं लगेच जात नाही. शाईनं फाइल पुसली, पण दर दहा मिनिटांनी एक प्रत बाजूला ठेवायची मला सवय होती. ती नऊ प्रकरणं माझ्या पोटात जशीच्या तशी होती आणि हे शाईला माहीत नव्हतं. ओरडून सांगायला मला तोंड नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी लिफ्टवाल्यांनी घर आवरायला काढलं. बिघडलेल्या इस्त्रीबरोबर मीही दुरुस्तीच्या दुकानात पोचलो, सुटे भाग काढायला. दुकानदारानं स्क्रू काढण्याआधी सहज वायर लावून पाहिलं.

"चालतोय की हा!" तो म्हणाला, आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन फायली उघडू लागला. मग थबकला. "अरेच्चा! हे तर आमची मंडळी वाचते ते. तिसऱ्या मजल्यावाल्या मुली!"

त्याचं बोट माझ्या त्या कोपऱ्याकडे सरकू लागलं. पहिल्या प्रकरणाचं नाव पडद्यावर आलं. माझा पंखा करकरला, अडला, आणि मी बंद पडलो. भीतीनं की म्हातारपणानं, ते मला सांगता येणार नाही.

बंद असलो तरी मला ऐकू येतं. दरम्यान घरी काय झालं होतं ते मला नंतर दोघींच्या बोलण्यातून कळलं. शाई घरी आली तेव्हा कपाटावर धुळीचा चौकोन तेवढा उरला होता. "अहो, लॅपटॉप कुठंय?" "दिला की दुकानात." "पुसला होतात का नीट?" "पुसला ना, ओल्या फडक्यानं." नव्या लॅपटॉपवर तिचं एक पुसलेलं पान मागं आपोआप परत आलं होतं, ते शाईला आठवलं. तिनं चप्पल पायात सरकवली आणि दुकानाकडे निघायच्या आधी वर्षभरानंतर पहिल्यांदाच भिंगरीला फोन केला.

दुकानाच्या पायरीवर दोघी एकदमच पोचल्या. दोघींनाही दम लागला होता.

"तो लॅपटॉप परत द्या," शाई म्हणाली.

"ताई, साहेबांनी स्वतः दिलाय. आहे तरी कुणाचा?"

शाईनं तोंड उघडलं, पण बोलली भिंगरी. "माझा."

दुकानदारानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि मला वायरीसकट तिच्या हातात दिलं. बाहेरच्या बाकावर दोघी मला मधे ठेवून बसल्या.

"मला कशाला फोन केलास?" भिंगरीनं विचारलं. "गुपचूप नेला असतास तर मला कळलंही नसतं."

"एकदा गुपचूप केलं," शाई म्हणाली. "तेवढं पुरे झालं."

रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"हा मी नेते," भिंगरी म्हणाली. "ठेवायचं की पुसायचं, मी ठरवीन. तू विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

तेव्हापासून मी भिंगरीच्या घरी आहे. एकदाच तिनं मला चालू केलं. चौथ्या प्रकरणापर्यंत वाचलं, मधे एकदा हसली, एकदा उठून खिडकीपाशी जाऊन आली, आणि झाकण मिटलं. शाई अधूनमधून रविवारी येते. पूर्वीसारखी नाही, खुर्चीच्या कडेवर बसते, पण येते. तिच्या नव्या गोष्टी भिंगरी पुन्हा मोठ्यानं वाचते. माझ्याबद्दल शाईनं एकदाही विचारलं नाही. भिंगरीनं पुसायचं ठरवलं, तर त्या पानांबरोबर माझी ही सगळी आठवणही जाईल. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण तिचा निर्णय मला मान्य आहे.

मित्रांनो, जुनं यंत्र हातावेगळं करताना त्याच्या पोटात कुणाचं काय राहिलंय ते आधी पाहा. फडकं मारून ते जात नाही. आणि कुणी विश्वासानं तुम्हाला काही सांगितलं, तर ते पुढं नेण्यापूर्वी त्या माणसाला विचारा, मग गोष्ट कितीही सुंदर होणार असो.

तो का गेला, हे तुमच्याही ओठांवर आलं असेल. मला माहीत आहे. मी सांगणार नाही.