लोनाडला जोडसायकलवर

रविवारी सकाळी सहाला गार्गी आणि चेतनाताई नाहूरहून निघाल्या. सायकल दोघींनी मिळून चालवायची, दोन सीटची होती. पुढे हँडल आणि ब्रेक गार्गीच्या हातात, मागे चेतनाताईनं नुसतं पॅडल मारायचं.

चेतनाताई गार्गीच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायची. वय पंचेचाळीस, बँकेत टेलिफोनवर नोकरी. कॉलेज संपता संपता तिची नजर हळूहळू गेली होती. त्याआधी, दहा वर्षांची असताना, वडिलांनी तिला लोनाडची बुद्ध लेणी दाखवली होती. गेल्या पावसाळ्यात वडील वारले. दिवाळीनंतर तिनं गार्गीला विचारलं, "तू दर रविवारी सायकल घेऊन गावभर फिरतेस ना? मला लोनाडला नेशील?"

गार्गीनं जोडसायकल भाड्यानं आणली आणि महिनाभर दोघींनी गल्लीत सराव केला.

मुलुंड, ठाणे मागे पडलं. कशेळीच्या पुलावर खाडीचा गार वारा लागला. गार्गी सारखी सांगत होती, "खड्डा. ब्रेकर. आता चढ आहे गं, जोर लाव." भिवंडीची गोदामं संपली तसे ट्रक कमी झाले. दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं, मधून मधून वाल.

"पेंढ्याचा वास येतोय," चेतनाताई म्हणाली. "आलं बहुतेक."

सायकल टेकडीच्या पायथ्याशी एका शेताच्या बांधाला टेकवून दोघी वर चढल्या. लेण्यात थंडावा होता. भिंतीवरच्या शिल्पपटासमोर गार्गीनं तिला उभं केलं.

"हात लावून बघतेस?"

"नको. खूप झिजलंय म्हणतात. तू सांग."

गार्गीनं बसलेला राजा सांगितला, भोवतीची माणसं सांगितली. "राजाचा चेहरा आता नीट दिसत नाही गं."

"मला आठवतो," चेतनाताई म्हणाली. "की नंतर मीच मनात तयार केलाय, कोण जाणे."

मग ती खाली बसली. हात जोडून तिनं हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. गार्गी बाहेर पायरीवर जाऊन थांबली.

खाली उतरल्यावर दोघींनी चपात्या खाल्ल्या. शेताची मालकीण शांताबाई पेंढा रचत होती, तिनं पाणी दिलं.

"गार्गी, हे शेत सपाट आहे का?"

"आहे. का?"

"मला पुढे बसायचंय."

"वेडी आहेस का? पडशील."

"पडेन. बावीस वर्षं झाली हँडल धरून."

गार्गीनं शांताबाईकडे पाहिलं. "चालवा की," ती म्हणाली, "भात कधीच कापून झालाय."

चेतनाताई पुढे बसली. मागे गार्गीला धरायला नुसता दांडा होता, ब्रेक नव्हता. दहा हात गेल्यावर सायकल डावीकडे कलंडली आणि दोघी धसकटांत पडल्या. शांताबाई धावत आली, पण चेतनाताई कोपर झटकत उठलीसुद्धा.

"परत."

दुसऱ्यांदा गार्गीच घाबरून "उजवीकडे! उजवीकडे!" असं ओरडत सुटली.

"ओरडू नकोस यार, मी बहिरी नाहीये."

तिसऱ्यांदा गार्गी हळू बोलली. सरळ. थोडं उजवीकडे. सरळच. तिनं स्वतःचे खांदे सैल सोडले. सायकल खडखडत अख्खं शेत ओलांडून गेली.

"बांध आला, थांबव," गार्गी म्हणाली आणि चेतनाताईनं ब्रेक दाबला. थांबल्यावरही बराच वेळ तिनं हँडल सोडलं नाही. गार्गीनंही घाई केली नाही.

परतीला गार्गी पुढे बसली. ऊन चढलं होतं, वारा समोरून येत होता. ठाणं आल्यावर गार्गीनं मान जरा मागे वळवली.

"ताई, गप्प का गं? लागलं का कुठं?"

"कोपर सोलवटलंय," चेतनाताई म्हणाली. "आणि हातांना अजून मुंग्या येतायत. किती घट्ट धरलं होतं मी!"

असं म्हणून ती मोठ्यानं हसली आणि पॅडलवर जोर देऊ लागली.