लाल रेघा

आमच्या क्लातेन गावात माणसाला काहीही झालं तरी त्याच्या अंगात वाराच शिरलेला असतो. डोकं दुखलं, वारा. पोट फुगलं, वारा. आणि तो काढायला सगळा मोहल्ला माझ्याकडे, वारसिनीकडे येतो. पाठीला तेल लावायचं आणि नाण्याच्या कडेनं खरवडायचं. रेघा जितक्या लाल, तितका वारा जास्त. तीस वर्षं माझं पोट यावरच चाललंय.

त्यामुळे सोमवारी माझे हे, सुगिमान, बेंबीपाशी दुखतंय म्हणाले तेव्हा मीही त्यांना पालथं घातलं आणि खरवडलं. पाठ लालभडक! हे खूश. पण सकाळपर्यंत दुखणं उजवीकडे खाली सरकलं होतं, अंगात कणकण होती. यांचा मांसाच्या गोळ्यांचा गाडा आहे आणि निम्मे गोळे हेच फस्त करतात. त्या दिवशी गोळा बघताच उलटी केली. "पोट चोळ जरा," म्हणाले. असं सरकून एका जागी बसलेलं दुखणं चोळायचं नसतं, एवढं मला ठाऊक होतं. मी पोटाला हात लावला नाही, सरळ सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं डॉक्टर लिंतांग या तरुण बाईंनी उजवीकडे हळूच दाबलं आणि एकदम हात उचलला. दाबताना नुसतं हूं, सोडताना बोंब.

"अपेंडिक्स आहे. आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात. फुटलं तर जिवावर बेतेल."

"चिरफाड? छे!" यांनी शर्ट वर केला. "पाठ बघा, डॉक्टरताई. वारा आहे हा. आमच्या घरात तज्ज्ञ आहे!"

दारात माझीच गिऱ्हाइकं जमली होती. शेजारची तुमिना म्हणाली, "एवढी लाल म्हणजे वाराच. वारसिनी चुकायची नाही."

मला सगळ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पहिली माझ्या. मी पिशवीतून नाणं काढलं आणि स्वतःचा दंड खरवडला. लाल रेघ.

"बघा. मला काय झालंय?"

"तुलाही शिरलाय वारा," हे कण्हत म्हणाले.

डॉक्टरबाईंनी बाही वर सारली. "माझा घ्या, वारसिनीबाई." लाल. मग मी तुमिनाचा हात ओढला. तोही लाल.

"सगळ्यांचाच होतो," मी म्हणाले. "धडधाकट माणसाचाही. मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. आता उठता, की मला विधवा करता?"

हे उठले.

अपेंडिक्स टम्म सुजलं होतं, पण फुटायच्या आत निघालं. धंदा बुडालाच असं मी धरून चालले होते, तर दुसऱ्याच दिवशी तुमिना रुग्णालयात येऊन विचारते, "माझी पाठ धरलीय गं, घरी कधी येतेस?"

तिसऱ्या दिवशी पेज पिता पिता हे म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं फसवलंस मला?"

"हो."

"आत वारा नव्हताच?"

"नव्हता."

यांनी वाटी खाली ठेवली. "असू दे. दिवसभर तुझी गिऱ्हाइकं, माझा गाडा. वारा शिरला म्हटलं की तेवढा अर्धा तास तू माझ्यापाशी बसायचीस. ते बंद करू नकोस."

सलाइनची नळी सांभाळत मी त्यांना कुशीवर वळवलं आणि नुसत्या हातानं पाठ चोळत बसले.