रबराची कुऱ्हाड

बाप्पा, काय ती गर्दी! अख्खी भातकुली डोमाजीच्या अंगणात लोटली होती. पुण्याचा डायरेक्टर सिनेमा काढत होता. मेलेल्या पोराचा बाप सूड घ्यायला निघतो, अन् त्या बापाचं काम कोणाला? शालूच्या नवऱ्याला, डोमाजीलाच! शालूच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पोटचा धम्मदीप भाजीच्या गाडीखाली गेल्यापासून डोमाजी मुक्यासारखा राहत होता, आणि डायरेक्टरला बोलणारा माणूस नकोच होता. त्याच्या सिनेमात सगळे नुसते बघत बसायचे. "आमची म्हैस रवंथ करते, तेबी याच्याहून जलद हाय," असं शेजारची मैना म्हणाली, तेव्हा शालूसुद्धा खळखळून हसली.

खुनी होणारा नट अकोल्याहून आलाच नाही. आता घ्या! डायरेक्टरने सामानाच्या गाडीतून खाली न उतरणाऱ्या ड्रायव्हरलाच ओढून आणलं, बाजेवर बसवलं. परक्या माणसाला काय ठाऊक? तो गावातल्याच किसनरावाचा योगेश होता. धम्मदीपला उडवून पळालेला, अन् कोर्टातून सुटलेला तोच. नाही म्हणायलाही त्याची जीभ उचलेना.

कॅमेरा सुरू झाला. डोमाजी कुऱ्हाड घेऊन सावकाश चालत आला. शालूची नजर खाली गेली, अन् तिच्या तोंडचं पाणीच पळालं. शूटिंगची रबराची कुऱ्हाड तिच्या पायाशी पडली होती. नवऱ्याच्या हातात घरची होती, सरपण फोडायची!

"कोणी आवाज करू नका," डायरेक्टर कुजबुजला. त्याला वाटलं, वा, काय अभिनय!

"काहून पळाला रे?" डोमाजीने विचारलं.

"भेलो होतो, काका."

"जित्ता होता तो?"

योगेशने मान डोलावली. "पाणी मांगे."

शालूच्या काळजात आगच पेटली. आतापर्यंत तिला नवऱ्याला आवरायचं होतं. आता ती गर्दी अडवायला बांधलेली दोरी ओलांडून कॅमेऱ्यासमोर धावली. "द्या मले कुऱ्हाड! मी तोडतो याले!"

डोमाजीने कुऱ्हाड भिंतीपल्याड फेकली आणि तिला घट्ट धरलं. धम्मदीप गेल्यापासून पहिल्यांदा तो मोठ्याने रडला. "पाणी मांगे वो शालू, आपलं पोरगं!"

"कट! अप्रतिम!" डायरेक्टर नाचतच आला. "फक्त बाई मध्ये आल्या. पुन्हा एकदा घेऊया?"

शालूने त्याच्याकडे पाहिलं.

"आमाले एकच होतं, साहेब."