पडद्याची बायकांकडची बाजू

कॅम्पात सिनेमा यायचा तो मोटारीत बसून. निळी मोटार दुपारीच मैदानात येऊन उभी राहायची. भैय्याजी नावाचा मशीनवाला खाली उतरायचा, दोन बांबूंच्या मध्ये पांढरा पडदा ताणून बांधायचा आणि त्यावर बादल्यांनी पाणी मारायचा. कापड ओलं असलं की चित्र आरपार उतरतं. तसं ते उतरायलाच हवं, कारण मशीनच्या बाजूला बसायचे पुरुष आणि पडद्याच्या पलीकडे बायका. हे कोणी ठरवलं म्हणाल, तर कोणीच नाही. भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना बांधायला आलेले बंगाली, मद्रासी, पंजाबी, छत्तीसगढी, भंडारा-चांद्याकडची आपली माणसं आणि वरून रशियन, असा सगळा गोपाळकाला होता. कोणाचं कोणाशी कशावरही पटत नव्हतं. बायकांना पलीकडे बसवायचं यावर मात्र बरोबर पटलं.

त्यामुळे कॅम्पातल्या बायकांनी जेवढा म्हणून सिनेमा पाहिला तेवढा मागून पाहिला. मुंबईचे लोक डाव्या हातानं जेवतात, ही त्यांची पक्की माहिती होती. तिथल्या बायका पदर उजव्या खांद्यावर टाकतात, हेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. शेजारची रंभा तर दिराच्या लग्नात तसा पदर घेऊन मिरवली आणि सासूच्या शिव्या खाऊन आली. सुरुवातीला पडद्यावर अक्षरं यायची ती कोणालाच लागायची नाहीत. ज्या दोघीतिघींना वाचता येत होतं त्या म्हणायच्या, "इंग्रजी असन व बाई."

गिरजाबाईला मुंबईचं हे डावरेपण फार आवडायचं. त्याला कारण होतं. तिची शालू डावरी होती.

शालू लहानपणी डाव्या हातानं घास घ्यायची आणि देवाजी, तिचा बाप, त्या हातावर फटका मारायचा. "लोकं काय म्हनतीन?" फटका बसला की पोरगी उजव्या हातानं दोन घास खायची, बापाची पाठ वळली की पुन्हा डावा. देवाजी रागीट होता पण वाईट नव्हता. भट्टीच्या कामावर तो रिगर होता. कंबरेला दोर बांधून धुराड्याइतक्या उंचीवर चढायचा, आणि खाली उभी असलेली गिरजाबाई घमेलं डोक्यावर धरून मान वर करून पाहायची. एवढं लोखंड आभाळात उभं करणारी माणसं आपल्यासारखीच भाकर खातात, याचं तिला रोज नवल वाटायचं.

पहिली भट्टी पेटायच्या आधीच्या हिवाळ्यात मुंबईची एक फिल्म कंपनी कारखाना पाहायला आली. त्यांना मजुरांच्या गर्दीत एक गाणं घ्यायचं होतं. घमेली वाहणाऱ्या पोरींत शालूही उभी राहिली. नटीची वेणीफणी करणारी सिंधुताई मूळची नागपूरची. तिनं शालूला चालताना पाहिलं आणि पाहतच राहिली. कंपनी गेली, तेव्हा शालूही सिंधुताईबरोबर जायला निघाली.

देवाजी दारात आडवा उभा राहिला. "बाबासाहेबानं शिका म्हनलं. नाचा म्हनून नाही सांगतलं. आपल्या बायाइनं दुसऱ्यापुढं नाचनं आता कोठं सुटलं, अन तू निघाली?"

"मी नाचाले नाही जाऊन राहिली, बाबा. काम कराले जाऊन राहिली."

"गेली त मेली समजीन."

ती गेली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघालं नाही. गिरजाबाई मनात म्हणायची, जाऊ दे. पोरगी डावऱ्यांच्या गावाला गेली आहे. तिथं निदान तिच्या हातावर कोणी मारणार नाही.

चौथ्या वर्षी कुम्हारीचा धोंडबा ट्रक घेऊन मुंबईला जाऊन आला आणि एक बातमी घेऊन आला. भिलाईची एक पोरगी, फिल्मवाल्यांच्या मागं आलेली, तिथल्या दवाखान्यात खोकून खोकून गेली. नाव त्याला माहीत नव्हतं. देवाजीनं ऐकलं आणि ड्युटीवर गेला. डबा घरीच राहिला.

"तुमचंच तोंड लागलं तिले," गिरजाबाई संध्याकाळी एवढंच बोलली.

मग महिन्याभरानं सिंधुताईच दारात उभी राहिली. रायपूरला कोणाच्या तरी लग्नाला आली होती. दाराबाहेर खाटेवर बसून ती सांगत होती, आणि गिरजाबाई हातातला तांदूळ निवडायचा विसरून ऐकत होती.

"मरन काहून ते? पहिलं वर्ष माह्याच खोलीत राहिली. गर्दीत उभी राहे. मंग नर्सचं काम भेटलं, एका पिच्चरमंधी हिरोनीची मैत्रीन झाली. तोंडातून शब्द एक, 'मालकिन आली'! तेवढ्यासाठी सकाळपासून रंग लावून बसे. तीन पिच्चरमंधून त तिले कापूनच टाकलं. रडली नाही पोरगी. मंग एका डायरेक्टरले धरन बांधनाऱ्या मजुराची बायको पाहिजे होती. किती पोरी आल्या! रेशमी, पावडर लावलेल्या. शालूनं चुंबळ केली, भरलं घमेलं डोक्शावर ठेवलं अन दोन्ही हात सोडून स्टुडिओच्या या भितीपासून त्या भितीलोक चालत गेली. तिथं थांबून इचारलं, 'कोठी टाकू?' सगळे हासले. डायरेक्टर नाही हासला. म्हने, हेच. आता तिचं नाव नीलप्रभा हाये, बाई. भितीवर एवढी मोठी रंगवते तिले, तुह्या झोपडीपेक्षा मोठी!"

"मंग घरी कावून नाही येत?"

"बाप या म्हनन तवाच येतो म्हनते."

आतून देवाजीचा आवाज आला. "जिनं नेली, ते काय मेली म्हनून सांगन?"

सिंधुताई उठली. "पिच्चर येईन न इकडं. तवा पाहाजा."

तो पिच्चर आला. त्या दिवशी देवाजी म्हणाला, "मले डबल ड्युटी हाये," आणि दुपारीच निघून गेला. गिरजाबाई रंभाला घेऊन पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली, इतकी की ओल्या कापडाचे थेंब अंगावर उडत होते.

दिवे गेले, मशीन घरघरलं आणि पडद्यावर उजाडलं. धरणाची भिंत, शेकडो माणसं, आणि त्यातून डोक्यावर घमेलं घेऊन एक बाई चालत येऊ लागली. दोन्ही हात मोकळे. पाठ ताठ. रोज त्याच कामानं ज्यांच्या माना मोडत होत्या, त्या बायका ते काम असं पाहत होत्या जसं कधी पाहिलंच नव्हतं. हे एवढं सुंदर असतं? रंभानं गिरजाबाईचा दंड गच्च धरला.

"माय व! शालूच हाये!"

गिरजाबाई डोळे ताणून पाहत होती. चाल तिची होती. पण चाल त्या मैदानातल्या शंभर जणींची तीच होती. भुवया कोरलेल्या, ओठ रंगवलेले, आवाज हिंदी. अंगणाएवढं तोंड झाल्यावर आईनं तरी कुठून ओळखायचं? डोळे कधी तिचे वाटत, कधी भलत्याच कोणाचे.

मग दुपारची सुट्टी झाली. पडद्यावरचे मजूर जेवायला बसले. सगळ्यांनी, मुंबईच्या रीतीप्रमाणे, डाव्या हातानं घास घेतला. नीलप्रभानं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि उजव्या हातानं खाऊ लागली.

गिरजाबाई मागे सरकली. "नोहे," ती म्हणाली. "माही पोरगी नोहे हे."

"कावून व?"

"हात पाय न तिचा. माही शालू डावरी."

"मुंबईत राहून सुधरली असन."

"सगळी मुंबई डाव्या हातानं जेवते, अन माही डावरी पोरगी तिथं जाऊन उजवी होईन? अकलेचं बोल, रंभे." तिनं रंभाचा हात झटकला. "धोंडबा खरं सांगे. ते गेली. हे कोनी दुसरीच हाये."

पुढचा सिनेमा तिला दिसला नाही. धरणाची भिंत खचली, नवरा गाडला गेला, आजूबाजूच्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. ती त्या नवऱ्यासाठी नाही रडली. शेवटी पदर खोचून उठली.

"कोठी चालली?"

"ड्युटीवरच्याले निरोप धाडतो. पोरगी गेली म्हनून सांगा लागते न बापाले."

रंभानं मान खाली घातली. "ड्युटीवर नाही गेले ते. मघाशी पाहिलं म्या. मशीनपाशी बसून हायेत."

त्या मैदानावर पडद्याचा बांबू ओलांडून कोणतीच बाई कधी पलीकडे गेली नव्हती. गिरजाबाई गेली. "ए बाई, इधर कहाँ?" कोणीतरी ओरडलं. ती पुरुषांच्या गुडघ्यांमधून, चपलांवरून, विड्यांच्या धुरातून वाट काढत मशीनपाशी पोचली. देवाजी उकिडवा बसला होता. गमछा तोंडावर धरलेला, फक्त डोळे उघडे.

"चला घरी," ती म्हणाली. "ते आपली नोहे."

त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गप," तो म्हणाला. "जेवून राहिली."

गिरजाबाई वळली. पडदा या बाजूनं जास्त लख्ख होता. नवरा गेल्यानंतर ती बाई एकटी चुलीपुढे बसली होती, ताटात कोरडी भाकरी, आणि पडदाभर फक्त तिचं तोंड आणि हात. हात हळूच उठला. बैलगाडीच्या चाकाएवढा हात, बोटांवर घमेल्याच्या कडांनी पडलेले घट्टे अजून तसेच. तो डावा होता.

मागे कोपऱ्यात बाकीचे मजूर जेवत होते. ते सगळे उजव्या हातानं खात होते. गिरजाबाईनं एकेकाचा हात पाहिला. मुंबई डावरी नव्हतीच तर; पडद्याची पलीकडची बाजूच उलटी होती. मुंबई साऱ्या जगासारखीच होती. तिथल्या शेकडो माणसांत, त्या उजेडात, त्या मशीनांपुढे तिची पोरगी एकटी डाव्या हातानं जेवत बसली होती, आणि सारं मैदान तिच्याकडे पाहत होतं.

गिरजाबाई तिथेच, पुरुषांच्या मधोमध, मातीत बसली.

"म्या पहिल्या जेवनालेच ओयखलं," देवाजी गमछ्याच्या आतून म्हणाला. "तिथं कोनी मारलं नाही तिच्या हातावर. येवढे मोठे लोकं. कोनी मारलं नाही."

पुढे बसलेल्या एका बिहारी फिटरनं शेजाऱ्याला कोपर मारलं. "खब्बू हिरोइन है रे! बाएँ हाथ से खाती है! ये आई कहाँ से?"

कोणीतरी हसलं. देवाजी उठून उभा राहिला. तो मशीनच्या बरोबर पुढे होता. उजेड त्याच्या पाठीवर आदळला आणि पडद्यावर त्याची सावली उभी राहिली, रिगरची, रुंद खांद्यांची, पोरीच्या तोंडाच्या अगदी शेजारी आणि तिच्याएवढीच मोठी. दोन्ही बाजूंनी आरडाओरडा झाला. "बैठो! अरे, बैठो!" भैय्याजी मशीनमागून किंचाळला.

"भिलाई से," देवाजी मोठ्यानं म्हणाला. उंचावरून खालच्याला हाक मारायची सवय असलेला आवाज तो, साऱ्या कॅम्पाला गेला. "कॅम्प से. मेरी लड़की है. शालू नाम है उसका. शालू देवाजी. सिंधुताई कु बोलो कोई, बाप घर बुलाता है."

पडद्यापलीकडे बायकांत एकदम गलका उठला. देवाजी तसाच उभा. आता बसायचं असतं हेही त्याच्या ध्यानात येईना. गिरजाबाईनं त्याच्या पँटचा पाय धरून ओढला.

"बसा न जी आता! मले दिसून नाही राहिली पोरगी."